जोडाक्षर आणि हातचा

(मंडळीच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी थोडा संक्षिप्त करून.)



कपिलधार परिसरातल्या आपल्या कामाविषयी मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. कामाचा छापील अहवाल आपल्या हाती आहेच. किती घरभेटी झाल्या, किती वह्या वाटल्या, हे मी पुन्हा वाचून दाखवत नाही. आज मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. मार्च-एप्रिल उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गात काय शिकवतात? आणि ते शिकवत असतात तेव्हा आपल्या वस्त्यांवरची मुले कुठे असतात?

दहावी-बारावीच्या निकालाची चर्चा घराघरांत होते. दुसरीच्या निकालाकडे कोण बघतो? १ मे रोजी झेंडावंदन होते, मुलांच्या हाती प्रगतिपत्रक पडते, मुले घरी येतात आणि आई ते पत्रक पत्र्याच्या पेटीत ठेवून देते. पण इतकी वर्षे वस्त्यांवर फिरल्यावर माझे मत असे झाले आहे की आपल्या पुष्कळ मुलांची शाळा दहावीत सुटत नाही. ती दुसरीतच सुटलेली असते. आपल्या ते लक्षात येते सातवी-आठवीत.

दुसरीच्या वर्षाअखेरीस काय असते

दुसरीचे मूल सात-आठ वर्षांचे असते. पहिलीत ते मुळाक्षरे, काना, मात्रा, वेलांटी, उकार शिकते. दुसरीच्या सुरुवातीला साधे शब्द आणि छोटी वाक्ये पक्की होतात. मग जोडाक्षरांचे शब्द वाढत जातात, रफार येतो. वर्ष संपता संपता मुलाने आठ-दहा ओळींची गोष्ट स्वतः वाचावी आणि तिच्यात काय घडले ते आपल्या शब्दांत सांगावे, अशी अपेक्षा असते. गणितात शंभरपर्यंतच्या संख्या, दशक आणि एकक, हातच्याची बेरीज, दशक सुटा करून करायची वजाबाकी, गुणाकाराची ओळख. जोडीला नाणी-नोटा, घड्याळ, इंग्रजीचे सोपे शब्द, आणि खेळ, चित्रे, गाणी.

यातल्या दोन गोष्टींवर मी थांबणार आहे. एक जोडाक्षर आणि दुसरा हातचा.

‘येशू’ हा शब्द पहिलीचे मूल वाचू शकते. त्याला एक मात्रा आणि एक उकार यावा लागतो, एवढेच. पण ‘ख्रिस्त’ वाचायला दोन जोडाक्षरे लागतात. म्हणजे आपल्या तारणाऱ्याचे पूर्ण नाव वाचायलासुद्धा दुसरी पार करावी लागते. आपल्या वस्तीवरचे पोर ज्या ट्रॅक्टरमागे बसून दोन-दोनशे किलोमीटर जाते, त्या ‘ट्रॅक्टर’ शब्दात किती अडथळे आहेत ते मोजून बघा. आता दुसरे शब्द घ्या. रक्कम. शिल्लक. हप्ता. व्याज. गरीब माणसाला आयुष्यभर ज्या शब्दांनी बांधून ठेवले आहे, त्यांतल्या प्रत्येकात जोडाक्षर आहे. ज्याला जोडाक्षर फोडता येत नाही, त्याच्यापुढे हिशेबाचा कागद ठेवला की तो अंगठा पुढे करतो. खाली ‘स्वाक्षरी’ असे छापलेले असते. त्या शब्दातही दोन जोडाक्षरे आहेत.

आता हातचा. फळ्यावर गणित आहे: ५२ वजा २७. ज्याला दशक सुटा करणे कळलेले नाही, ते मूल काय करते? दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढते आणि पाच लिहिते. पाचातून दोन गेले, उरले तीन. उत्तर येते ३५. खरे उत्तर २५. फरक दहाचा. पाटीवरचा दहा पुसता येतो. पण समजा, एका जोडप्याने मुकादमाकडून ५२ हजारांची उचल घेतली आणि हंगामात २७ हजारांचे काम करून फेडली. कुणी त्यांना सांगितले की ३५ हजार बाकी आहेत, तर पुढच्या दिवाळीला ते दहा हजार जास्तीचे फेडायला निघणार. सगळे मुकादम असे करतात, असे मी म्हणत नाही. पण हिशेब तपासायचा तर तो ज्याला येतो त्यालाच तपासता येतो, आणि तो शिकवण्याची जागा दुसरीच्या वर्गात आहे.

आणखी एक छोटी अडचण सांगते, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांना जाणवत नाही. मराठीत आपण ‘सदतीस’ म्हणतो. कानाला सात आधी ऐकू येतात, पण लिहिताना तीन आधी लिहायचे असतात. म्हणून मुले ३७ च्या जागी ७३ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला होता ते आपल्याला आठवत असेल. विधानसभेपासून टीव्हीपर्यंत टिंगल झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर त्या वेळी शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, ज्या मुलांना ते जड जातात त्यांच्यासाठी सोपी वाट दिली आहे. टिंगल करणाऱ्यांची मुले बहुतेक घरी एकवीस-बावीस ऐकतच मोठी झालेली होती. ती सोपी वाट कोणासाठी होती? ज्यांच्या घरात शंभरपर्यंतचे आकडे मराठीत कोणी म्हणत नाही, त्यांच्यासाठी. आपल्या पारधी आणि भिल्ल वस्त्यांवर घरची बोली वेगळी आहे. तिथल्या मुलाला ‘त्रेसष्ट’ हा एक परका शब्द आणि ६३ हे एक परके चिन्ह, अशा दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. ‘साठ तीन’ म्हटले की त्याचे निम्मे ओझे उतरते. आपल्यापैकी जे शिकवणीचे काम करतात त्यांनी हे बिनदिक्कत वापरावे.

दोन दिनदर्शिका

कपिलधार आपल्याला माहीत आहे. बीडच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात. मन्मथस्वामींची समाधी, धबधबा आणि कार्तिक पौर्णिमेची मोठी यात्रा. लिंगायत समाजाच्या दिंड्या दुरून चालत येतात. त्याच सुमाराला, म्हणजे दिवाळी आटोपली की, याच रस्त्यांवरून दुसरी रांग उलट दिशेने निघालेली असते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक. वर संसार बांधलेला: पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, कोंबड्यांची डालगी, एखादी शेळी, आणि सामानाच्या वर बसलेली मुले. यात्रेकरू येतात आणि गावातली माणसे जातात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे.

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. पट्टा पडतो मार्च-एप्रिलमध्ये, कधी थोडा लवकर. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. या दोन दिनदर्शिका एकमेकींवर ठेवून बघा. कारखान्याचा हंगाम आणि दुसरे सत्र जवळजवळ तंतोतंत जुळतात. २०२३-२४ पासून दोन वर्षे दुसरीची पुस्तके चार भागांत आली होती. कोयत्यावर जाणाऱ्या घरांत पहिले दोन भाग फाटलेले, डाग पडलेले, वापरलेले दिसायचे आणि शेवटचे दोन कोरे. जोडाक्षर आणि हातचा त्या कोऱ्या पानांत राहून गेले.

उसाच्या तळावर मूल काही शिकत नाही, असे मात्र नाही. ते मोळ्या मोजते. वाढ्याची पेंढी कितीला जाते ते त्याला ठाऊक असते. पहाटे गाडी भरायला आई-बाप गेले की सात वर्षांची बहीण दीड वर्षांच्या भावाला सांभाळते, चूल पेटवते, कोपीत साप येऊ नये म्हणून काय करायचे ते तिला कळते. ही मुले मंद नाहीत. शहरातल्या सात वर्षांच्या मुलाला जे झेपणार नाही ते ती रोज करतात. फक्त त्या वर्षी जे कागदावर शिकायचे ते त्यांच्या वाट्याला येत नाही. मुलीच्या वाट्याला तर आणखी कमी येते, कारण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी लागते आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा तीच असते.

पट्टा पडला की ही मुले परत येतात. कोणी मार्चअखेर, कोणी परीक्षेच्या आठवड्यात. वर्गातली बाकीची मुले गोष्ट वाचत असतात. हे मूल मागच्या बाकावर बसते आणि पान उलटण्याची नक्कल करते. मे महिन्यात सुट्टी लागते. जूनमध्ये ते तिसरीत जाते.

तिसरीत गेल्यावर

शिक्षण हक्क कायद्यामुळे लहान वर्गात मुलाला नापास करून मागे ठेवत नाहीत. हे योग्यच आहे. मागे बसवलेले मूल शिकते असा अनुभव नाही, ते शाळा सोडते. पण पुढे ढकललेल्या मुलाचे जे राहिले ते कोणी भरून काढायचे, हा प्रश्न तसाच राहतो. तिसरीपासून परिसर अभ्यासाचे वेगळे पुस्तक येते. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असते, तिसरीपासून त्याने वाचून शिकायचे असते. ज्याची पहिली पायरी राहिली, त्याच्यासाठी सगळे विषय एकदम बंद होतात. इतिहास बंद, विज्ञान बंद, गणितातला तोंडी येणारा हिशेबसुद्धा बंद, कारण उदाहरण वाचता येत नाही.

हे केवळ बीडचे दुखणे नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होते. पाहणी करणारे तरुण खेड्यातल्या घरी जातात आणि मुलाला एक कागद वाचायला देतात. त्यावर अक्षरे असतात, शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद असतो आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल तिसरीचे असो की आठवीचे, सर्वांत वरची पायरी तीच: दुसरीची गोष्ट. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा आहे, आणि ती शिक्षकांच्या कष्टाने झाली आहे. तरीही शंभरातली शहात्तर मुले राहतातच. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले ते यासाठीच. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरले.

ही मुले शाळेत आहेत, हे लक्षात घ्या. पटावर नाव आहे. शंभर मेंढरांतले एक हरवले म्हणून रानात गेलेल्या मेंढपाळाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यावर प्रवचने पुष्कळ झाली. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मेंढपाळाला शंभर मोजता येत होते, आणि त्याने मोजले. मोजल्यावाचून एक कमी आहे हे कळत नाही. आपल्या शाळांचा पट भरलेला दिसतो. वाचता येणारी किती, हे मोजायला कोणी बसत नाही.

काय उपाय झाले, आणि कुठे कमी पडले

सरकारने आणि संस्थांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या तळाजवळ साखरशाळा चालवल्या. ज्या ठिकाणी मूल आहे तिथे शाळा न्यायची, हा विचार त्यामागे होता. पुढे भर बदलला. मूल गावातच थांबावे आणि आपल्याच शाळेत शिकावे, म्हणून हंगामी वसतिगृहे आली. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालतात. आई-बाप उसाला गेले तरी मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि जेवणाखाणाची सोय शाळेत होते. जी मुले जातातच, त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. मूल कितवीत आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहून द्यायचे, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसवून घेता येते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही कायद्यात आहे. मोठ्या मुलांसाठी, पाचवीपासून पुढे, २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली.

ही यादी ऐकल्यावर एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. दुसरीच्या मुलासाठी फार थोडे उरते. निवासी वसतिगृह मोठ्यांसाठी. तळावरची शाळा सगळीकडे नाही. हंगामी वसतिगृह आहे, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागते. टोळी दिवाळीनंतर लगेच निघते आणि आईला निघण्याआधी कळायला हवे की पोराचे जेवण नक्की होणार. महिन्याभराने वसतिगृह सुरू झाले तर तोवर पोर ट्रॅक्टरवर चढलेले असते.

इथे एक विषय मोकळेपणाने बोलायला हवा. आपल्यापैकी काही जणांनी सुचवले आहे की या लहान मुलांना मिशनच्या बोर्डिंगमध्ये आणावे. त्यामागचे प्रेम मला कळते. आपल्यातले कितीतरी जण बोर्डिंगमध्येच शिकले. पण सात वर्षांचे मूल आईपासून सहा-सहा महिने दूर ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे. त्या वयात मुलाला आई लागते, आणि आईला मूल लागते. पारधी समाजाच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवे. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ज्यांची त्यातून सुटका झाली, त्यांच्या आज्या-पणज्यांनी आपली पोरे ताब्यात जाताना पाहिली आहेत. ‘मुलाला आमच्याकडे द्या, आम्ही सुधारतो’ हे वाक्य त्या वस्तीवर नवे नाही. आपण तेच वाक्य प्रेमाने म्हटले, तरी ऐकणाऱ्याला ते जुनेच ऐकू येते.

आजी घरी असेल तर मूल आजीजवळ राहावे. आजी नसेल तर ते आईबरोबर जाईल आणि पुस्तक त्याच्याबरोबर जाईल. शाळेने मुलाकडे जायचे, ही आपल्या महाराष्ट्रातली जुनी शिकवण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखायला जात. तेव्हा ‘मुले येत नाहीत’ असा शेरा मारून त्या थांबल्या नाहीत. गुरे चरतात तिथे शिक्षक गेले, आणि त्या शाळेला नाव मिळाले कुरणशाळा. अंगणात भरली ती अंगणवाडी. मुलाचे काम आणि मुलाची शाळा यांत भांडण लावण्याऐवजी त्यांनी शाळेलाच पाय दिले.

आपल्या मंडळीचाही या बाबतीत वारसा आहे. शेजारच्या नगरला सिंथिया फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी तिथे प्रशिक्षण घेतले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. अभिमानाबरोबर थोडे कामही अंगावर येते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपण काय करायचे

मी चार कामे सुचवते. चारही लहान आहेत आणि त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिले. मोजा. एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या की प्रत्येक वस्तीवर तरुण संघातल्या दोघांनी जावे. बरोबर दुसरीचे पुस्तक, पाटी आणि खडू. दुसरी-तिसरीच्या प्रत्येक मुलाला पाच मिनिटे द्यावीत. आधी गोष्ट वाचायला द्या. जमली नाही तर परिच्छेद, मग शब्द, मग अक्षरे. मग एक हातच्याची वजाबाकी. मूल जिथे अडते ते वहीत लिहा. हसू नका, आणि आईच्या देखत ‘याला काहीच येत नाही’ असे म्हणू नका. त्याला काय येते तेवढे सांगा.

दुसरे. दोन महिने द्या. एप्रिलच्या मध्यापासून शाळा सुरू होईपर्यंत साठ दिवस मिळतात. उन्हाचे दिवस आहेत, म्हणून सकाळी सात ते आठ. पाच-सहा मुलांचा एक गट, एक शिकवणारा, लिंबाच्या सावलीत. अर्धा वेळ वाचन, अर्धा वेळ गणित. जोडाक्षरासाठी मुलांच्या तोंडातले शब्द घ्या: कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. हातच्यासाठी काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधा. ज्या मुलाने सहा महिने मोळ्या बांधलेल्या पाहिल्या, त्याला दशक सुटा करायचा म्हणजे मोळी सोडायची, हे सांगताच कळते. आमच्या गटात हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. फळ्यावर जे महिनाभर उमगत नाही ते मोळी सोडल्यावर एका सकाळी उमगते. आणि मग ते मूल आपल्या बापाला शिकवायला जाते.

तिसरे. दिवाळीच्या आधी जागे व्हा. सप्टेंबरमध्येच मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. यंदा कोणती कुटुंबे जाणार, किती मुले मागे राहू शकतील, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, हे विचारा. आपल्यातले काही पालक त्या समितीवर आहेत. त्यांनी बैठकीला जावे. ज्या घरी आजी मुलांना सांभाळणार आहे, तिथे महिला मंडळाने आठवड्याला एक चक्कर टाकावी. म्हाताऱ्या माणसाला चार-पाच नातवंडे सांभाळणे सोपे नाही. तिच्या औषधाची, दळणाची विचारपूस हीदेखील शाळेचीच मदत आहे.

चौथे. जी मुले जातील त्यांची पिशवी भरून द्या. पिशवीत दुसरीचे पुस्तक, दोन वह्या, पाटी आणि शिक्षण हमी पत्रक. पत्रक शिक्षकांकडून भरून घ्या आणि आईच्या हाती देताना ते काय आहे ते समजावून सांगा. टोळी कोणत्या कारखान्याला जाते ते विचारून ठेवा. सांगली, सातारा, कोल्हापूर, नगर, सगळीकडे आपल्या मंडळ्या आहेत. तिथल्या पाळकांना एक फोन करायला आपले काय जाते? रविवारच्या उपासनेनंतर तिथले दोन तरुण तळावर गेले आणि तासभर पुस्तक उघडून बसले, तरी मुलाचा धागा तुटत नाही.

आणि एक पथ्य. या कामाला कसलीही अट नको. मूल कोणत्या देवापुढे हात जोडते, त्याचे आई-बाप उपासनेला येतात की नाही, हे विचारायचे नाही. वाचता येणे हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि आपण शिक्षकांचे मदतनीस म्हणून जात आहोत. शिक्षकांची उणीदुणी काढायलाही जायचे नाही. एकाच खोलीत दोन-तीन वर्ग सांभाळून, वरून येणारी माहिती भरून, ही माणसे शिकवतात. त्यांना विचारा की आम्ही कोणत्या पाच मुलांना घ्यावे. बहुतेक शिक्षकांना ती पाच नावे तोंडपाठ असतात.

वही-पेन वाटपाचा कार्यक्रम आपण दरवर्षी करतो. तो जरूर करावा. पण कोरी वही मिळाल्याने मूल शिकत नाही. तिच्यात बरोबर सुटलेली एक वजाबाकी असेल तर ते शिकले. पुढच्या वर्षी अहवालात ‘इतक्या वह्या वाटल्या’ या ओळीखाली ‘इतक्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली’ अशी दुसरी ओळ असावी, अशी माझी विनंती आहे. आकडा पहिल्या वर्षी लहान असेल. लहान असला तरी खरा लिहा.

यंदाचा पट्टा पडायला आता फार दिवस नाहीत. ज्यांना सकाळचा एक तास देता येईल त्यांनी सभा संपल्यावर आपले नाव आणि जवळची वस्ती वहीत लिहावी. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. पुस्तके आणि पाट्या मी देईन. काड्या तुम्हाला तुमच्या अंगणात मिळतील.

प्रभू आपल्या हातांना बळ देवो आणि या लेकरांना आशीर्वाद देवो. आमेन.